इंदूर कंपोस्ट पद्धतीचे सर अल्बर्ट हॉवर्ड आणि आपली परसबाग

कंपोस्टची इंदूर पद्धत आणि बंगलोर पद्धत यांतील फरक लिहा, हा प्रश्न कृषी पदविकेच्या परीक्षेत ठरलेला असतो. विद्यार्थी खड्ड्याची मापे पाठ करतात, उत्तर लिहितात आणि विसरून जातात. ही पद्धत इंदूरला कोणी बसवली, त्यासाठी त्याला आयुष्यातली किती वर्षे मोजावी लागली आणि तो हे सगळे कोणाकडून शिकला, हे पुस्तकात येत नाही. श्रीरामपूर परिसरात घरामागच्या दोन-चार वाफ्यांत भाजीपाला करणाऱ्यांनी मात्र ते जाणून घ्यावे. आपल्याकडच्या परसबागांच्या मुख्य तक्रारी दोनच आहेत: काळी माती पाणी दिले की चिकट, वाळली की दगड होते आणि वांगी-टोमॅटोला कीड सोडत नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी जवळजवळ सगळी हयात याच दोन प्रश्नांवर घालवली.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. गुरे, चारा, शेणखत हे घरचेच वातावरण. लंडन आणि केंब्रिज येथे विज्ञानाचे शिक्षण घेऊन ते १८९९ मध्ये वेस्ट इंडिज बेटांवर बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. तिथले मुख्य पीक म्हणजे आपल्या ओळखीचा ऊस. उसावरील रोगांचे नमुने प्रयोगशाळेत यायचे, हॉवर्ड सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओळखायचे, अहवाल लिहायचे. पण सुचवलेला उपाय स्वतः करून पाहायला हातात एक गुंठाही जमीन नव्हती. जो सल्ला आपण स्वतःच्या पिकावर कधी वापरला नाही तो दुसऱ्याला कसा द्यायचा, ही टोचणी त्यांना तिथेच लागली. सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला ती लागायला हवी, आमच्यासारख्यांनाही.

पुसा: शेतकरी आणि कीड, दोघेही गुरू

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथे नव्या शेती संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. दिल्लीत आज जिला आपण पुसा म्हणतो, ती संस्था मूळची ही. १९३४ च्या भूकंपात बिहारमधील इमारत पडली आणि संस्था दिल्लीला हलली, नाव मात्र तेच राहिले. १९०५ मध्येच हॉवर्ड यांचे गॅब्रिएल मथाई यांच्याशी लग्न झाले. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजमध्ये काम केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा काय परिणाम होतो, याविषयीचे त्यांचे संशोधन लग्नाआधीच मान्यता पावले होते. पुढची पंचवीस वर्षे या दोघांनी मिळून काम केले. पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे गाजलेले वाण दोघांचे. पण पुस्तकांत बहुधा एकट्या अल्बर्ट यांचेच नाव राहिले.

पुसाला हॉवर्ड यांना सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. पहिल्यांदाच स्वतःचे रान हाताशी आले. त्यांनी आजूबाजूच्या बिहारी शेतकऱ्यांच्या शेतांत हिंडायला सुरुवात केली. या शेतांत फवारणी नव्हती, विकतचे खत नव्हते, तरी पिके बऱ्यापैकी निरोगी होती. हे शेतकरी काय करतात, हे निमूट पाहायचे आणि आपल्या रानात तसेच करायचे, असे त्यांनी ठरवले. त्या काळी गोऱ्या सरकारी शास्त्रज्ञाने असे ठरवणे म्हणजे आपल्या खात्याचा पाया उपटण्यासारखे होते. दुसरे गुरू त्यांनी मानले ते किडीला आणि रोगाला. कीड पडली की फवारा शोधण्याऐवजी या झाडाचे मुळाशी काय बिनसले आहे, ते ती कीड सांगते आहे, असा त्यांचा कयास होता.

त्यांच्या बैलांची गोष्ट प्रसिद्ध आहे. शेजारच्या गुरांना लाळ्या-खुरकूत झालेला असताना हॉवर्ड यांचे बैल कुंपणावरून त्या गुरांच्या नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग लागला नाही. सुपीक जमिनीतला चारा खाल्ल्याचा हा परिणाम, असे त्यांनी मानले. हे मात्र वाचकांनी जपून घ्यावे. लाळ्या-खुरकूत विषाणूचा रोग आहे. चारा कितीही चांगला असला तरी जनावरांचे लसीकरण टाळू नये.

जमिनीखालची शेजारधर्माची गोष्ट

बिहारी शेतकऱ्यांच्या शेतात एकटे पीक क्वचितच दिसायचे. गव्हात हरभरा, ज्वारी-बाजरीत तूर, कडेने आणखी काही. नगर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. बाजरीच्या पाभरीत तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरायचा आणि बांधाला अंबाडी लावायची, ही आपल्या जिरायत भागाची रीतच होती. कालवा आला, ऊस आला आणि ही सवय रानातून गेली.

सरकारी खात्यातले अनेक जण याला गबाळी शेती समजत. हॉवर्ड पती-पत्नींनी उलट केले. त्यांनी पिके मुळांसकट खणून, धुऊन, मोजून पाहिली. कोणते पीक वरच्या थरात जगते, कोणते खोल जाते, याचा त्यांनी बारकाईने माग काढला. जवसात त्यांना असे दिसले, की काळ्या जमिनीतील वाणांची मुळे विरळ पण खोल जाणारी, तर गंगेच्या गाळाच्या जमिनीतील वाणांची मुळे वरच्या थरात दाट पसरणारी असतात. एकाच पिकाने मातीप्रमाणे आपले जमिनीखालचे घर बदलले होते. मग दोन वेगवेगळ्या पिकांची मुळे एकमेकांना अडचण न करता वेगळ्या थरांत का राहणार नाहीत? शिवाय त्यातले एक द्विदल असेल तर त्याच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र बांधतात आणि त्यातला काही जमिनीत मागे राहतो. आज आपण ज्याला सहचर लागवड म्हणतो, तिचे निम्मे शास्त्र या खणलेल्या मुळांत आहे. उरलेले निम्मे किडींच्या वागण्यात आहे, ते पुढे येईल.

क्वेट्टा: पाणी कमी, पीक तेवढेच

१९१० च्या दशकात उन्हाळ्यात हॉवर्ड दांपत्य बलुचिस्तानातील क्वेट्टा येथील फळबाग केंद्र सांभाळत असे. तिथे पाणी मोजके. तरीही शेतकरी मिळेल तेवढे पाणी गव्हाला देत. पेरणीपूर्वी एक चांगले पाणी आणि नंतर वरची माती भुसभुशीत ठेवली, तर गव्हाला पुढची बरीच पाणी वाचवता येतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. पीचच्या बागेत त्यांना दिसले की भारी जमिनीत हंगामाच्या सुरुवातीला पाणी जास्त झाले की मावा तुटून पडतो आणि खोल मशागत करून मुळांना हवा मिळाली की त्याच फांदीवरची पुढची फूट स्वच्छ येते.

हे वाचताना श्रीरामपूरकरांना आपला कालवा आठवावा. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर बेलापूर रोड स्टेशनच्या भोवतीचा मुलूख, म्हणजे आजचा श्रीरामपूर तालुका, उसाचा झाला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. पाण्याने वैभव आणले, आणि जिथे निचरा नव्हता तिथे तेच पाणी जमिनी क्षारपड आणि चोपण करून गेले. परसबागेतही हेच छोट्या प्रमाणात घडते. आवर्तनाच्या दिवसांत पाणी आहे म्हणून रोज नळी सोडली जाते, माती बसते, मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि मग दुकानातून टॉनिक आणले जाते.

इंदूर आणि यशवंत वाड

पुसाला प्रत्येक विषयाचे खाते वेगळे होते. बुरशी एकाकडे, किडी दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे आणि झाड कोणाचेच नाही. हॉवर्ड यांना हे सहन होईना. अखेर भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचा पैसा आणि मध्य भारतातील संस्थानांची मदत मिळवून त्यांनी १९२४ मध्ये इंदूरला स्वतःची संस्था काढली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने दिली. माळव्याची ही जमीन आपल्यासारखीच काळी, पावसाळ्यात तुंबणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी.

संस्था कापसासाठी होती, पण हॉवर्ड यांच्या लक्षात आले की नवे बियाणे देऊन फारसे साधणार नाही. आधी निचरा हवा आणि जमिनीत सेंद्रिय पदार्थ हवा. शेण निम्मे चुलीत जाते, उरलेले उकिरड्यावर उन्हापावसात वाया जाते आणि पळाट्या जाळल्या जातात, ही तेव्हाची स्थिती. इथे त्यांच्याबरोबर उभे राहिले ते संस्थेचे रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड. ढिगातील ओल, उष्णता, नत्र किती घटते, किती टिकते याची मोजमापे हे वाड यांचे क्षेत्र. चीनमधील शेतकरी शतकानुशतके काडीकचऱ्याचे खत कसे करतात, याविषयी अमेरिकी शास्त्रज्ञ किंग यांनी लिहिलेले पुस्तक हॉवर्ड यांनी वाचले होते. त्या जुन्या अनुभवाला वाड यांच्या मोजणीची जोड मिळाली आणि इंदूर पद्धत तयार झाली. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयीचे जे पुस्तक काढले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत. जगभर सेंद्रिय शेतीच्या मुळाशी असलेल्या या पुस्तकाचा एक लेखक वाड आडनावाचा, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल?

पद्धत अशी होती. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ ते ३ फूट खोल खड्डा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि लाकडी राख, पुन्हा काडीकचरा. आकारमानाने तीन-चार भाग काडीकचऱ्याला एक भाग जनावरांचा मळ. सुरुवातीचे कर्ब-नत्र गुणोत्तर ३३ ला १ च्या आसपास असावे, असे त्यांचे गणित होते. कापसाच्या पळाट्यांसारखे टणक पदार्थ कुजत नाहीत, म्हणून ते आधी शेतातल्या रस्त्यावर पसरत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाके त्यांचा फुकटात भुगा करत. ढीग तापून ६० अंशांच्या वर जाई. साधारण पंधरा दिवसांनी पहिली पलटणी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. पुढे बंगलोरला आचार्य यांनी बसवलेल्या पद्धतीत ही पलटणी नाही. मजुरी वाचते, पण वेळ जास्त लागतो. आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप टाकीतही हवेसाठी भिंतीतच भोके ठेवून पलटणीचे काम वाचवलेले आहे.

निवृत्ती, एकटेपणा आणि लंडनमधील बाग

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांची बहीण लुईझ यांच्याशी त्यांनी विवाह केला. हॉवर्ड यांच्या भारतातील कामाचा वृत्तांत पुढे लुईझ यांनीच पुस्तकरूपाने लिहिला. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. महात्मा गांधी १९३५ मध्ये इंदूरला आले असता तिथली खतनिर्मिती पाहून गेले आणि त्यांनी हरिजनमधून तिचा पुरस्कार केला. केनियातील कॉफीच्या आणि आसाम-सिलोनमधील चहाच्या मळ्यांत पद्धत पोचली.

स्वतःच्या देशात मात्र विरोध झाला. केंब्रिजच्या शेती शाखेत ते कंपोस्टवर बोलायला गेले, तेव्हा जवळजवळ सगळा अध्यापकवर्ग विरोधात उभा राहिला. नत्र, स्फुरद, पालाशाच्या पिशवीत सगळी शेती मावते, अशी समजूत तेव्हा पक्की होत होती. हॉवर्ड यांचाही स्वभाव सौम्य नव्हता. १९४० मध्ये त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक आले, त्यात त्यांनी कृषी संशोधन संस्थांना सरळ अंगावर घेतले.

या भांडणापेक्षा आम्हाला त्यांची घरची बाग जास्त महत्त्वाची वाटते. लंडनजवळ ब्लॅकहीथ येथे त्यांनी घर घेतले, त्याची बाग पार थकलेली होती. सफरचंदाची झाडे लोकरी माव्याने पांढरी झालेली. हॉवर्ड यांनी फवारा मारला नाही, झाडेही उपटली नाहीत. कंपोस्ट देत राहिले. काही वर्षांत मावा हटला आणि भाजीपालाही सुधारला. आपल्याकडे २००२ नंतर उसावर लोकरी माव्याने जो हाहाकार केला, तो ज्यांनी भोगला त्यांना या गोष्टीचे मोल कळेल. सफरचंदाचा आणि उसाचा लोकरी मावा वेगवेगळे, पण उसावरही अखेर आटोका आणण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता.

अमेरिकेत रोडेल यांनी हॉवर्ड वाचून १९४२ मध्ये सेंद्रिय शेती आणि बागकामाचे मासिक सुरू केले, त्याने घराघरांतील भाजीच्या वाफ्यांपर्यंत हा विचार नेला. हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी वारले, भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते.

ते सगळीकडे बरोबर होते असे नाही. सुपीक जमीन असली की रोग येतच नाहीत, हा त्यांचा दावा ताणलेला आहे. भेंडीचा केवडा पांढरी माशी पसरवते, तो कंपोस्टने थांबत नाही. तिथे परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखे सहनशील वाण घ्यावे आणि रोगट झाड दिसताच उपटावे. मुळांवरील उपयुक्त बुरशीला त्यांनी फार महत्त्व दिले, पण कोबी-मोहरीच्या कुळाशी ती बुरशी नातेच जोडत नाही.

श्रीरामपूरच्या वाफ्यात

तर मग दहा बाय दहा फुटांच्या जागेत यातले काय करायचे? पहिले काम खताचे. घराशेजारी किमान ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच ढीग करावा, त्याहून लहान ढीग तापत नाही. उसाचे पाचट फुकट मिळते, पण ते बारीक तोडून, भिजवून घ्यावे. एकट्या पाचटाचा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो. त्यात भाजीचे देठ, हिरवे गवत, शेण मिसळावे. शेण नसेल तर जुने कंपोस्ट आणि हिरवा पाला वाढवावा. तेलकट शिजलेले अन्न, दगडी कोळशाची राख आणि सूत्रकृमीच्या गाठी असलेली मुळे टाकू नयेत. कच्चे शेणखत वाफ्यात मुळीच घालू नये. नगर जिल्ह्यात हुमणी किती आहे हे सांगायला नको, आणि ती बऱ्याचदा अशाच शेणातून घरी येते.

वाफा गादीसारखा सहा इंच उंच करावा, म्हणजे निचऱ्याचा प्रश्न निम्मा सुटतो. पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेर मातीत घालून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. विहीर किंवा बोअरचे पाणी खारट असेल तर माती-पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि त्याशिवाय जिप्सम टाकू नये.

वांग्याची दोन झाडे अडीच-तीन फुटांवर असतात आणि पहिला दीड महिना मधली जागा मोकळी पडते. तिथे मेथी, कोथिंबीर, मुळा घ्यावा. वांगे पसरेपर्यंत ते खाऊन संपतात. कोथिंबिरीची चार झाडे न उपटता फुलू द्यावीत, ढालकिडे आणि सिरफिड माश्या त्या फुलांवर येतात आणि मावा खातात. वांग्याचा शेंडा मलूल दिसला की शेंडेअळी आत आहे, तो तोडून नष्ट करावा. कडेने चवळी किंवा घेवडा टोकावा. मका, दोडक्याचा मांडव ही उंच मंडळी वाफ्याच्या उत्तरेला, म्हणजे हिवाळ्यात सावली पडत नाही. मांडवाखाली अळू, आले चांगले येते, आपल्या आज्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

टोमॅटोत झेंडू लावा, असे सगळेच सांगतात, पण का ते सांगत नाहीत. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या फुलांकडे ओढली जाऊन तिथे अंडी घालते. शेतावरच्या शिफारशीत टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची १ ओळ असते, झेंडूचे रोप ४० दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे घेतात, म्हणजे दोघांचा फुलोरा एकत्र येतो. घरी पाच-सहा टोमॅटोला दोन झेंडू पुरेत. मात्र अळी लागलेली फुले तोडली नाहीत, तर आपण सापळा लावला नाही, अळीला पाळणाघर काढून दिले असे होते. झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे सूत्रकृमी कमी होतात हेही खरे, पण त्यासाठी त्या जागेवर आधी एक हंगाम दाट झेंडू घ्यावा लागतो. कोबीला मोहरीची सोबत अशीच: २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी हे शेताचे प्रमाण. घरी कोबीच्या पंधरा दिवस आधी कडेला थोडी मोहरी पेरावी, पुन्हा महिन्याभराने थोडी, आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्या मोहरीवरूनच वेचाव्यात किंवा तिच्यावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. टोमॅटो, वांगी, मिरची एका कुळातली, त्यांना एकमेकांच्या मागे त्याच वाफ्यात आणू नये. त्यांच्यानंतर गवार, चवळी किंवा मेथी घ्यावी.

ढीग दिवाळीच्या सुमारास भरला आणि तिन्ही पलटण्या वेळेवर झाल्या, तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत खत हाती येते. उन्हाळी भेंडी, गवार, काकडी टोकण्याची वेळ तीच. खत चाळून वाफ्यात चौरस मीटरला दोन किलो मिसळावे आणि चाळणीवर राहिलेला जाडा भाग फेकू नये, पुढच्या ढिगाला तो विरजणासारखा कामाला येतो.